मधल्या ओळीतले पणजोबा

चष्मेवाल्याचं आडनाव इथे लिहिलेलं नाही, आणि त्यामागे काही गूढ नाही. ते आडनाव आता जगात एकाच दारावर शिल्लक आहे. छापलं, तर कोणीही उठून त्या दाराची बेल वाजवू शकेल, आणि चष्मेवाल्याला दुपारी झोपायची सवय आहे.

आडनाव लांबलचक होतं. बँकेतले, दवाखान्यातले, वीज कचेरीतले कारकून निम्म्यात पोहोचेपर्यंत धीर सोडत. समोरचा माणूस कागदाकडे बघून गप्प झाला की आपलीच पाळी आली, हे ओळखून चष्मेवाला आपण होऊन उठायचा. त्याच्या मनात याबद्दल तक्रार नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. सोपी आडनावं सोप्या लोकांची असतात, असं त्याची आत्या म्हणायची.

त्या आडनावाचा अर्थ जुन्या भाषेत ‘किल्ल्या सांभाळणारा’ असा होतो. कुठल्या किल्ल्या, याबद्दल घरात कधी दुमत झालं नाही. ज्यूंच्या प्राचीन मंदिराच्या. मंदिर जळून गेल्याला दोन हजार वर्षं होत आली, किल्ल्या कुठे गेल्या ते कोणालाच ठाऊक नाही, पण आडनाव मात्र या घराण्याने जिवापाड जपलं होतं. म्हणजे ते कोहेन होते. कोहेन म्हणजे त्या मंदिराच्या पुरोहितांचा वंश. हा मान बापाकडून मुलाकडे जातो. शिकून मिळत नाही, देणगी देऊन मिळत नाही, दत्तक जाऊनही मिळत नाही. मंदिर नाही, कामकाज नाही, पगार तर नाहीच, पण हुद्दा कायम. कंपनी बुडाल्यावरही मॅनेजर म्हणवून घेणारे असतात, त्यातलाच हा प्रकार, असं म्हणणारे गावात होते. पण ते चष्मेवाल्याच्या माघारी म्हणायचे, कारण त्याच्याकडून सगळ्यांचेच चष्मे व्हायचे होते.

हुद्दा असला तरी तो नुसता शोभेचा नव्हता. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, धर्मग्रंथ वाचायला पहिली हाक कोहेनला. मग त्याने सगळ्यांसमोर उभं राहायचं, डोक्यावरून शाल ओढून घ्यायची, दोन्ही हात वर करायचे, बोटं ठरलेल्या पद्धतीने फाकायची आणि जमलेल्यांना आशीर्वाद द्यायचा. तो देत असताना लोकांनी त्याच्या हातांकडे बघायचं नसतं. साऱ्या गावाला नीट दिसावं म्हणून आठवडाभर काचा घासणाऱ्या माणसाकडे शनिवारी सारं गाव मान खाली घालून उभं राही. त्याआधी त्याच्या हातांवर पाणी घालायचं काम लेवीचं. लेवी म्हणजे पुरोहितांच्या मदतनिसांचा वंश, मानाने एक पायरी खाली. गावातला हा लेवी कुलुपं दुरुस्त करायचा. किल्ल्या सांभाळणाऱ्याच्या हातावर कुलूपवाला पितळी झारीने पाणी घाली. यात काही गंमत आहे, असं दोघांपैकी कोणालाही कधी वाटलं नव्हतं.

मानाबरोबर पथ्यंही आली. कोहेनने दफनभूमीत पाऊल टाकायचं नाही. आणि कोहेनने घटस्फोटित बाईशी लग्न करायचं नाही.

पहिलं पथ्य पाळणं सोपं होतं. दुसऱ्यापाशी घोडं अडलं होतं.

*

चष्म्याच्या दुकानाला लागून पडद्यांचं दुकान होतं. मूळचा गाळा एकच, मध्ये लाकडी पार्टिशन घालून दोन केलेला. पार्टिशनला छातीच्या उंचीवर एक सरकती खिडकी होती. पलीकडे पडदेवाली. जाड कापडाचे तागे, छताला टांगलेले नमुने, आणि एक जुनं शिवणयंत्र. ते सुरू झालं की अलीकडे काचेचे सुटे नमुने ट्रेमध्ये हळूच किणकिणायचे. चष्मेवाल्याला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की ती आजारी पडून दुकान बंद असलं तर त्याच्या हातून काच जास्त घासली जायची.

पडदेवाली त्यांच्याच समाजातली. चोविसाव्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि दोन वर्षांत रीतसर सोडचिठ्ठी घेऊन परत आली. नवऱ्याबद्दल ती एवढंच सांगायची, की त्याला पडदे ओढून बसायला आवडायचं. लग्नात बदललेलं आडनाव तिने सगळीकडून खोडून काढलं आणि स्वतःचं परत लावलं. त्यासाठी जेवढे हेलपाटे घातले तेवढे लग्नासाठीही घातले नव्हते, म्हणायची.

दुपारचा चहा ती करायची आणि खिडकीतून सरकवायची. बशीवर बिस्कीट असलं तर तिचा दिवस बरा गेला आहे, नसलं तर गिऱ्हाइकाने कापड परत केलं आहे, हे न बोलता कळायचं. दोघंही चाळिशीला टेकली होती तेव्हा एकदा तिने कपाबरोबर प्रश्नही सरकवला, की तुमच्या मनात नेमकं आहे तरी काय. चष्मेवाल्याने बराच वेळ एका भिंगाची कड तपासली. मनात काहीही असलं तरी मी कोहेन आहे, असं तो म्हणाला. ती ‘बरं’ म्हणाली. खिडकी सरकवून मशीनवर बसली. दुसऱ्या दिवशी चहा वेळेवर आला, बिस्कीट मात्र महिनाभर आलं नाही.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली होती. दोघांच्याही केसांचा रंग तेवढा बदलला. चहाची वेळ तीच.

घरी आत्या होती. वडिलांची धाकटी बहीण, बिनलग्नाची. आई लवकर गेली, तेव्हा आत्यानेच त्याला वाढवलं, आणि मोठा झाल्यावरही वाढवायचं थांबवलं नाही. त्याचे मोजे कुठल्या खणात असतात हे त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आडनावाचा सगळा इतिहास तिच्याकडे. मंदिराच्या किल्ल्या, पुरोहितांच्या पिढ्या, परमुलुखातून इथवर येणं, चष्म्याचं दुकान काढणं, सगळं ती काल घडल्यासारखं सांगायची. पडदेवालीचा विषय निघाला, की ती म्हणायची, पोरगी सोन्यासारखी आहे, पण आपल्याला नाही चालत. आणि एक सुस्कारा सोडून वाढायला घ्यायची.

वर्षातून एकदा दोघं दफनभूमीवर जायची. चष्मेवाला बाहेर, रस्त्यावर, लोखंडी गजांपाशी थांबायचा. कोहेनांच्या कबरी याच कारणासाठी कुंपणाला लागून असतात, म्हणजे घरच्या पुरुषांना आत न जाता जवळ उभं राहता येतं. वडील तिथे होते, आजोबा होते, आणि त्यांच्या पलीकडे जे सगळ्यात जुने होते, ते मूळपुरुष. तिन्ही दगडांवर आशीर्वादाचे दोन हात कोरलेले, आणि खाली ते लांबलचक आडनाव. फक्त पणजोबा तेवढे तिथे नव्हते. ते दूर, मधल्या ओळीत, वेलींच्या गचपणात होते. लहानपणी त्याने विचारलं होतं, की पणजोबा मधोमध का. आत्या म्हणाली, ते इतके मोठे होते, की लोकांनी त्यांना कडेला ठेवूच दिलं नाही.

आत्या आत जाऊन प्रत्येक कबरीवर एक खडा ठेवायची, तशी त्यांच्यात रीत आहे, आणि हात झटकत बाहेर यायची.

“सगळे ठीक आहेत,” असं सांगायची, शेजारच्या गावातल्या नातेवाइकांना भेटून आल्यासारखं.

*

आत्या गेली ती हिवाळ्यात, न्याहारीनंतर, भांडी घासून झाल्यावर. अर्धवट काम टाकून जाणाऱ्यांतली ती नव्हती. जाण्याआधी तिने दफन समितीच्या लोकांना बजावून ठेवलं होतं, की मला कुंपणापाशी नको, मधल्या ओळीत आजोबांच्या शेजारी जागा द्या. समितीवाल्यांनी चष्मेवाल्याला विचारलं. त्याला नवल वाटलं, पण म्हातारपणी माणूस आजोबांकडे ओढला जातो, अशी त्याने समजूत करून घेतली. आजोबांना तिने पाहिलेलंही नव्हतं, ते तरुणपणीच गेले होते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

आत्या ही कोहेनने पथ्य मोडावं इतकी जवळची नातेवाईक धरत नाहीत. वाढवलंय कोणी, हे नियम विचारत नाही. तेव्हा चष्मेवाला नेहमीप्रमाणे गजांबाहेर राहिला. पुरुष तिरडी घेऊन आत गेले. मागून बायका गेल्या, त्यांत पडदेवाली. जाताना तिने त्याच्याकडे पाहिलं आणि कोटाचं वरचं बटण लावा, अशी खूण केली. ते लावताना त्याचा हात खिशातल्या दुर्बिणीला लागला.

दुर्बीण एका निवृत्त बोटवाल्याची. तिची दोन्ही भिंगं एका रेषेत बसत नव्हती, सगळं दोन-दोन दिसायचं. चष्मेवाल्याने ती आदल्या दिवशी जुळवली होती आणि आज परत करायची होती. दुरुस्त केलेली दुर्बीण लांबच्या अक्षरांवर रोखून बघायची, कडा स्वच्छ आल्या तरच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, अशी त्याची पद्धत. ते राहून गेलं होतं. पण आता त्याने दुर्बीण काढली ती कामासाठी नव्हे. आत्यावर शेवटची माती पडताना दिसावी, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने चाक फिरवलं. धुकं सरलं, माणसांच्या पाठी आल्या, फावडी आली. आत्याच्या खड्ड्यामागे एक दगड आला. खड्डा खणायला जागा व्हावी म्हणून समितीच्या माणसांनी तिथल्या वेली मुळासकट उपटल्या होत्या आणि वर साचलेलं शेवाळ खरवडून काढलं होतं. पणजोबांचा दगड. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तो दिसत होता. खाली आडनाव, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. आणि वर, जिथे दोन हात असायला हवेत, तिथे झारी होती.

लेवीच्या कबरीवर झारी कोरतात. हे समाजातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

चष्मेवाल्याने आधी काचेवर संशय घेतला. रुमालाने भिंगं पुसली. मग एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. झारी होती, तिला कान होता, तोटी डावीकडे होती. दुर्बीण उत्तम दुरुस्त झाली होती, हीच अडचण होती.

*

पुढचे काही शनिवार त्याने काहीच केलं नाही. हाक आली की उठला. कुलूपवाला झारी घेऊन आला की हात पुढे केले. फक्त पूर्वी तो डोळे मिटून घ्यायचा, आता झारीकडे बघू लागला. पाणी गार आहे का, असं कुलूपवाल्याने दोनदा विचारलं.

खरी अडचण पुराव्याची होती. आपण कोहेन नाही हे बघायला दफनभूमीत जायला हवं, आणि कोहेन असू तर जाता येत नाही. याच एका गाठीने घराण्यातल्या तीन पिढ्यांचे पुरुष गजांबाहेर बांधून ठेवले होते. ज्या दगडावर त्यांची सुटका कोरलेली होती, तो वाचण्याइतकं जवळ जाणं त्यांना त्यांच्या मानापायी जमलं नाही. आत बायका जात. आजी गेली असेल, आत्या तर वर्षानुवर्षं गेली. झारी म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नव्हता. आत्याला सगळं कळायचं.

शेवटी तो समाजाच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेला. रब्बी नवे होते, वयाने तरुण, आणि कोणताही प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा उजळायचा, मग प्रश्न कितीही दुःखाचा असो. त्यांनी टोपी चढवली आणि लगेच निघाले. चष्मेवाला गजांपाशी राहिला. रब्बी मधल्या ओळीत गेले, दगडासमोर उकिडवे बसले, बोटाने अक्षरं चाचपली. मग कुंपणालगतच्या सगळ्यात जुन्या दगडाशी आले, तोही वाचला, आणि गजांच्या आतल्या बाजूने चष्मेवाल्यासमोर उभे राहिले.

“हे कुंपणाजवळचे जुने गृहस्थ, हे तुमच्या पणजोबांचे कोण म्हणून सांगतात घरी?”

“वडील.”

“दगड तसं म्हणत नाही,” रब्बी म्हणाले. “पणजोबांच्या वडिलांचं नाव वेगळंच कोरलंय. आणि त्यापुढे स्पष्ट लेवी.” आपला आनंद जरा जास्तच दिसतो आहे, असं वाटून त्यांनी घसा खाकरला. “हे सासरे असावेत.”

एवढ्याने चष्मेवाला मानणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो घराच्या किल्लीची जोडी करून घ्यायच्या निमित्ताने कुलूपवाल्याकडे गेला. किल्ली घासली जात असताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की आमच्या पणजोबांबद्दल तुमच्या घरात काही बोलणं व्हायचं का. कुलूपवाला कानस चालवता चालवता म्हणाला, आमचे आजोबा म्हणायचे खरे, की चष्म्याच्या दुकानातला घरजावई माझ्या बरोबरीने पाणी घालायला उभा असायचा, आणि बघा, त्याच्या पोराच्या हातावर आता मीच घालतोय. आम्हाला वाटायचं, म्हातारा जळतोय. कुलूपवाला हसला. मग चष्मेवाला हसत नाही, हे पाहून त्याने कानस खाली ठेवली.

तेव्हा प्रकार असा होता. कुंपणाजवळचे जुने गृहस्थ खरे कोहेन, किल्ल्या सांभाळणारे, चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांना मुलगा नव्हता, मुलगी होती. काचा घासणारा एक होतकरू लेवी तरुण त्यांनी घरजावई करून घेतला. दुकानाची पाटी मोठी होती, गिऱ्हाइकं त्या नावाने यायची, नवी पाटी रंगवायची म्हणजे उगाच चर्चा. जावयाने दुकान घेतलं, मुलगी घेतली, आडनावही घेतलं. लोक त्याला ओळखून होते, शनिवारी तो झारी उचलायचा, कोणाचा गैरसमज नव्हता. पण तो लवकर गेला, आणि पाठोपाठ सासरे. राहिली विधवा आणि तिचा मुलगा. मुलगा जाणता झाला तोवर गावात कोहेनच उरला नव्हता. मुलाचं आडनाव कोहेनाचं, आजोबा कोहेन, दुकान कोहेनाचं. एका शनिवारी कोणीतरी त्यालाच पहिली हाक मारली. लोकांना आशीर्वाद हवा होता, पोराला मान हवा होता, आणि वर बायकांच्या सज्जात बसलेल्या आईने मूग गिळले. ज्यांना आठवत होतं, त्यांनी सोयीस्कर विसरायला घेतलं, आणि विसरणं हे काम माणसं फार लवकर शिकतात. पुढच्या पिढीत संशयालाही जागा राहिली नाही.

आडनाव अस्सल होतं. ते लावणारेच बदली होते.

*

चष्मेवाल्याच्या हाती एका झारीने दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, त्याचा आजवरचा मान फुकटचा होता. दोन, पडदेवालीशी लग्न करायला त्याला कधीच बंदी नव्हती. आत्याने हे जन्मभर पोटात ठेवलं आणि सांगायची वेळ आली तेव्हा दगडाशेजारी जाऊन निजली. तिचं घर, तिचे खण, तिचं स्वयंपाकघर, यात दुसरी बाई यायला नको होती, इतका साधा हिशेब. झारीतला शुक्राचार्य कथेत पुरुष असतो, त्यांच्या घरी तो आत्या होता. चष्मेवाल्याला संताप आला, पण संतापून सांगायचं कोणाला, तर आत्याला, आणि ती सोय उरली नव्हती.

मग त्याने डोकं चालवलं. डोकं चालवलं की माणूस बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी मागतो.

दुपारी चहा आला तेव्हा त्याने खिडकी बंद होऊ दिली नाही, बोट मध्ये घातलं. दगड, झारी, घरजावई, सगळं हळू आवाजात सांगितलं. मग योजना सांगितली. रब्बी वाच्यता करणार नाहीत. कुलूपवाल्याला आपण समजावू. लग्न दूरच्या गावी उरकू, तिथे कोणी विचारणार नाही. इथे परत आल्यावर वेगवेगळ्या घरांत राहू काही दिवस, मग बघू. शनिवारचं मात्र आहे तसं चालू द्यावं लागेल, कारण गावात दुसरा कोहेन नाही, लोकांचा आशीर्वाद बंद पडेल, आणि वडिलांचं, आजोबांचं नाव उगाच...

पडदेवालीने दोरा दातांनी तोडला.

“म्हणजे शनिवारी हात वर करणार, आणि माझ्या बाबतीतही हात वरच.”

“तसं नाही, बाई.”

“तसंच आहे, चष्मेवाले. मला नाही म्हणालात ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. हो म्हणायचं असेल, तर तेही सगळ्या गावाला कळेल असं म्हणा. खिडकीतून नको.” तिने त्याचं बोट अलगद बाजूला केलं. “आणि चहा निवतोय.”

खिडकी बंद झाली. बशीवर बिस्कीट होतं, पण ते आधीच ठेवलेलं असणार, असं त्याने धरलं.

त्या आठवड्यात त्याने तीन गिऱ्हाइकांच्या चष्म्यांत डावं उजवीकडे बसवलं. गिऱ्हाइकं परत आली, त्याने निमूटपणे बदलून दिलं. पाटीकडे बघत तो रस्त्यावर उभा राहिला, तेव्हा वाटेने जाणाऱ्या ओळखीच्यांनी रंगवून घेताय का, असं विचारलं. आपण आडनावासाठी बाईला सोडलं, असं तो आजवर समजत होता. त्यात निदान एक भव्यपणा होता. आता दिसत होतं, की दुसऱ्याच्या आडनावासाठी सोडलं. आणि आता खिडकीतून पुन्हा तेच करून आलो.

*

शनिवारी सिनेगॉग नेहमीसारखं भरलं होतं. पुढच्या बाकांवर म्हातारे, मागे गप्पा मारणारे, वर सज्जात बायका. ग्रंथ उघडला. पुकारणाऱ्याने कोहेनला हाक मारली. हाक मारताना तो चष्मेवाल्याकडे बघतही नसे, इतकी ती सवयीची होती.

चष्मेवाला बसून राहिला.

पुकारणाऱ्याने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. पुढचे म्हातारे वळून बघू लागले. एकाने शेजाऱ्याला सांगितलं, की आत्या गेल्यापासून ऐकू कमी येतं बिचाऱ्याला. कुलूपवाल्याने मागून त्याच्या खांद्याला बोट लावलं.

“उठा. तुमची पाळी.”

“माझी नाही,” चष्मेवाला म्हणाला. आवाज बेतापेक्षा मोठा निघाला, आणि मग तो उठलाच, पण जागेवरच. “मी कोहेन नाही. आमचे पणजोबा लेवी होते, घरजावई होते. दगडावर झारी आहे, कोणीही जाऊन बघावी. मीही आता जाऊ शकतो.”

एवढं बोलून तो बसला. सभागृहात अशी शांतता पसरली, की मागच्या बाकावरच्या गप्पाही थांबल्या, आणि हे त्या सिनेगॉगच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. मग रब्बींनी घाईने नियम सांगितला, की कोहेन हजर नसेल तर दुसऱ्या कोणालाही बोलावता येतं, आणि नेमकं कुलूपवाल्याला बोलावलं. कुलूपवाला आयुष्यात पहिल्यांदा पहिला गेला आणि गोंधळून शाल उलटी पांघरली. त्या शनिवारी आशीर्वाद झाला नाही. नंतर बाहेर पायऱ्यांवर बराच कल्लोळ झाला. पहिला मुलगा देवाच्या मालकीचा मानून कोहेनकडून त्याला विधिपूर्वक सोडवून घ्यायचं, अशी त्यांच्यात रीत आहे, आणि गावातले बहुतेक थोरले मुलगे चष्मेवाल्याने किंवा त्याच्या वडिलांनी सोडवून दिले होते. ते सगळे हिशेबाने अजून अडकलेलेच निघाले. त्यांतल्या काहींना नातवंडं होती. एका टक्कल पडलेल्या थोरल्याने रब्बींना विचारलं, की आता मला काय रांगत यावं लागेल का.

चष्मेवाल्याने वर सज्जाकडे पाहिलं नव्हतं. पडदेवाली होती की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेआधीच खिडकी सरकली. कप नव्हता, नुसती पडदेवाली होती.

“तुमचं आडनाव मी लावणार नाही,” ती म्हणाली. “एकदा दुसऱ्याचं लावून बघितलंय.”

“ते माझंही कुठे आहे,” चष्मेवाला म्हणाला.

ती खिडकी सोडून चक्क दारातून आली, रस्त्याने, सगळ्यांच्या देखत, आणि स्टूल ओढून बसली. नमुन्याचा एक चष्मा डोळ्यांवर चढवून बघितला आणि यात तुम्ही बरे दिसता, म्हणाली.

लग्न गावातच झालं. लोक आले, काही जण रुसून उशिरा आले, पण जेवायला थांबले. सुताराने पार्टिशन काढलं, तेव्हा गाळा एवढा मोठा आहे याचं दोघांनाही नवल वाटलं. पाटी रंगवायचा विषय एकदा निघाला आणि मागे पडला. गिऱ्हाइकं त्या नावाने येतात, उगाच चर्चा कशाला, असं चष्मेवाला म्हणाला. पणजोबाही हेच म्हणाले असणार. तिने आपल्या आडनावाची छोटी पाटी खाली लावली. ते आडनाव समाजात पन्नास घरांत तरी आहे, त्यामुळे टपालवाला आता आणखी गोंधळतो.

पुढे सणाला परगावचा एक दाताचा डॉक्टर पाहुणा म्हणून आला, तो कोहेन निघाला. कुलूपवाल्याने झारी चष्मेवाल्याच्या हातात दिली. पाणी मनगटाच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे त्याने आयुष्यभर दुसऱ्या बाजूने अनुभवलं होतं, तरी डॉक्टरच्या दोन्ही बाह्या भिजवल्या. कुलूपवाला म्हणाला, होईल सवय, घराण्यातलंच काम आहे.

वर्ष भरलं तेव्हा दोघं दफनभूमीवर गेली. पडदेवालीचे बूट नवे होते आणि चावत होते, म्हणून ती गजांपाशी बाकावर बसली. चष्मेवाला आत गेला. कुंपणालगतच्या तिघांना खडे ठेवले, पणजोबांच्या सासऱ्यांनाही. मग मधल्या ओळीत जाऊन पणजोबांना ठेवला, जरा मोठा बघून. आत्याच्या दगडापाशी तो खडा मुठीत घेऊन बराच वेळ उभा राहिला. शेवटी ठेवला, पण लहान.

बाहेर आला तेव्हा पडदेवाली बूट काढून टाच चोळत होती. तिने वर पाहिलं.

“सगळे ठीक आहेत,” तो म्हणाला, आणि तिचा बूट हातात घेऊन टाचेकडची शिवण कुठे उसवता येईल ते चष्मा वर करून बघू लागला.